तुझ्या माहेराच्या वळणावर

शालनताई, आधी एवढं सांगून टाकते: मी थांबले. हसायचं असेल तर पोटभर हसून घे, मग पुढचं ऐक. ‘शर्यतीत कुणी थांबत नसतं’ असं तुला वर्षभर ऐकवणारी मी, भर शर्यतीत, तुझ्या माहेराच्या वळणावर टी-शर्टाची पुढची कड दोन्ही हातांत धरून उभी राहिले. घरी सगळ्यांना सांगून झालंय. पण त्यांच्यापैकी कुणाशी माझं भांडण नव्हतं. भांडण तुझ्याशी होतं, म्हणून तुला वेगळं सांगायला बसले आहे.

हे ‘तू’ सासूबाईंनी वाचलं तर त्यांच्या भुवया वर जातील. घरात तू थोरली जाऊ, म्हणजे ‘अहो ताई’. पण घाटात पहिल्याच चढाला ‘अहो ताई, थांबा ना’ म्हणण्याइतका श्वास माझ्याकडे उरायचा नाही. नुसतं ‘ए, थांब’ एवढंच निघायचं. उंबऱ्याच्या आत अहो आणि घाटात अगं, असं आपलं पाच-सहा वर्षं बिनबोभाट चाललं. तू गेल्यापासून मला उंबऱ्याच्या आतल्या ताई फारशा आठवत नाहीत. घाटातली तूच आठवतेस.

आपण पळायला लागलो ते काही हौसेनं नाही. माझी साखर काठावर आहे, रोज तासभर चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि एकटी बाई पहाटे रस्त्यानं कशी जाणार म्हणून सासूबाईंनी तुला माझ्याबरोबर धाडलं. तुला गाया होत्या. तासभर चालून यायचं, मग धारा काढायच्या, मग डेअरी बंद व्हायच्या आत दूध पोचवायचं, हे काही जमेना. तेव्हा तूच तोडगा काढलास. ‘तेवढंच पळत जाऊ गं, अर्ध्या वेळात उरकंल.’ चालायला वेळ नव्हता म्हणून आपण पळायला लागलो, हे मी शाळेत सांगितलं तेव्हा मुख्याध्यापक चहा पिता पिता ठसकले होते. आणि पहिले कितीतरी दिवस लोक दारात येऊन विचारायचे, ‘काय झालं ओ? कुनाला काय झालं?’ दोन बाया पहाटे पळत निघाल्यात म्हणजे कुणीतरी गेलं किंवा कुठंतरी आग लागली, तिसरं कारण त्यांना सुचायचंच नाही. तू हात हलवून म्हणायचीस, ‘काय न्हाई, साखर पळवून लावतोय.’

माझं माहेर राहात्याचं. तिकडं पेरूच्या बागा, कालवे आणि सगळं ताटासारखं सपाट. चढ म्हणजे मला फार तर पुलावरचा ठाऊक. तू जन्मलीस पठारावर, आता पवनचक्क्या उभ्या आहेत तिथं. मी मोबाईलवर बघून तुला शिकवायची, टाच टेकवू नकोस, चवड्यावर ये, खांदे सैल सोड. शाळेतली बाई मी, समोरच्याला दुरुस्त केल्याशिवाय माझा दिवस जात नाही. तू ऐकून घ्यायचीस आणि चढ आला की सरळ चालायला लागायचीस, कमरेवर हात ठेवून, शेतावर निघाल्यासारखी. मी म्हणायची, हे पळणं नव्हे. तू म्हणायचीस, ‘चढ चालायचा असतो आन् उतार पळायचा. डोंगराला इचार.’ मी धापा टाकत वर पोचायची, आणि तू माझ्या मागोमाग, पदर सावरत आल्यासारखी निवांत. उतारावर मात्र मला तू कधी सापडली नाहीस.

तर गेल्या वर्षीची शर्यत. अर्ध मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर, तालुक्याच्या मैदानावरून निघून घाट चढायचा, पठारावरच्या वस्त्यांमधून फिरायचं आणि दुसऱ्या अंगानं उतरून परत यायचं. साडेतीन तासांच्या आत आलात तर मेडल. मागून एक टेम्पो येतो, जो मागं पडला त्याला उचलतो. आपण त्याला घंटागाडी म्हणायचो. रस्त्याच्या नकाशावर तू एकाच जागी बोट ठेवून बसली होतीस, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. वाट तुझ्या माहेराच्या अंगणावरून जात होती.

त्या दिवशी निघताना तू टी-शर्टावरून कमरेला ओढणी बांधलीस. मी विचारलं, ही कशाला? म्हणालीस, ‘उन्हाला.’ माघाच्या थंडीत, दिवस उगवायच्या आत, उन्हाला! वळणावर पोचलो तर तुझी वहिनी ताट घेऊन रस्त्यावर उभी. नारळ, गहू, खण, हळदी-कुंकू. तू ओढणी सोडलीस, पदरासारखी दोन्ही हातांनी धरलीस आणि म्हणालीस, ‘आई भरील.’

तुझी आई मागं दाराच्या आड उभी होती. तुझे वडील गेल्यापासून त्या ओटीच्या ताटाला हात लावत नव्हत्या, हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. विधवेनं ओटी भरायची नाही, अशी रीत. त्या आतूनच म्हणाल्या, ‘येडी का तू? माझ्या हातानं नगं. वहिनी भरतीय की.’ तू म्हणालीस, ‘मला जल्म दिल्याला हात चालतो, वटी भरायला चालत न्हाई व्हय?’ त्या रडकुंडीला आल्या, पण बाहेर आल्या नाहीत. तूही हटली नाहीस. पळणारे एकेक करून आपल्याला ओलांडून जात होते. मी तुझा दंड धरून ओढला, चल गं, नारळ काय पळून जातोय? तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मग मी निघाले.

मी वेळेत पोचले, मेडल गळ्यात घातलं आणि तुझी वाट बघत बसले. तू आलीस ती घंटागाडीतून, मागच्या बाकावर, ओढणी मांडीवर घडी करून ठेवलेली. ना ओटी, ना मेडल. मी म्हटलं, एका हट्टापायी दोन्ही घालवलंस. तू म्हणालीस, ‘तुला न्हाई कळायचं. माहेरावरून तोंड फिरवून पळत सुटायचं असतं का?’ इथून आपलं भांडण सुरू झालं ते थेट दवाखान्यापर्यंत चाललं. गोठ्यात, चुलीपुढं, घाटात. मी म्हणायची, शर्यत ती शर्यत, थांबायचं असेल तर पाहुणी म्हणून जावं. तू म्हणायचीस, ‘तुज्या वाटंत तुझं माहेर आलं आसतं म्हंजे कळलं आसतं.’ मला अजूनही वाटतं, शर्यतीच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. तेवढं मी सोडणार नाही.

दिवाळीच्या आधी कावीळ म्हणून निमित्त झालं आणि पोटात गाठ निघाली. पुढचं तुला सांगायला नको, तू त्यातून गेलीस. नगरच्या दवाखान्यातल्या पलंगावर पडल्या पडल्या तू माझा मोबाईल मागून घेतलास आणि शर्यतीला दोघींची नावं घातलीस. मी म्हटलं, ताई, अहो काय हे! तू म्हणालीस, ‘हितं अहो नगं. हा बी घाटच हाय.’ मग डोळे मिटून हळूच म्हणालीस, ‘तू थांबशील का न्हाई, बघ.’ मी म्हटलं, ‘मी नाही थांबणार.’ तू हसलीस. आपलं शेवटचं धड बोलणं ते एवढंच. नंतर तू बोलत होतीस, पण ते दुखण्याचं बोलणं होतं.

आणि एक उघड सांगते. तू गेलीस तेव्हा मला आधी हायसं वाटलं. रडू दुसऱ्या दिवशी आलं. शेवटच्या आठवड्यात तू कूस बदलताना जी कण्हायचीस, ते बाहेरच्या बाकावर बसून ऐकवत नव्हतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली आणि माझ्या तोंडून निघालं, ‘सुटली बाई.’ मोठ्यानं. सगळ्यांच्या मनात तेच होतं. मला त्याची लाज वाटत नाही. तू घाटात चढ संपला की जसा हुश्श म्हणून श्वास सोडायचीस, तसाच मी तुझ्यासाठी सोडला.

पण सुटका तुझी झाली, माझी नाही. दहाव्याला ओढ्याच्या काठी सगळे जमलेले असताना तुझी आई उठून माझ्यापुढं आली आणि म्हणाली, ‘तू पळायला लावलंस हिला. पळून पळून लेकीची आतडी पिळवटली. तू नेली माझी लेक.’ पन्नास माणसं ऐकत होती. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की गाठीचा आणि पळण्याचा काही संबंध नाही, उलट अंगात ताकद होती म्हणून एवढं सोसलं. पण दहाव्याच्या दिवशी आईला डॉक्टरांचे शब्द दुरुस्ती म्हणून ऐकवायचे नसतात, एवढं मलाही कळतं. मी खाली मान घालून उभी राहिले. त्यानंतर मी बूट काढून माळ्यावर टाकले. पहाटे जाग यायची, पण उठून काय करायचं ते कळायचं नाही. तुझ्या गाया आता मीच पिळते. लाली गाय मला अजून लाथ मारते, तुझी शिकवण.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात दादांनी, तुझ्या मालकांनी, माळ्यावरून बूट काढून ओट्यावर ठेवले. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, वर्षातून चार वाक्यं. म्हणाले, ‘तिनं नाव घातलंय.’ मी म्हटलं, दादा, वाट त्यांच्या दारावरून जाते. तुमच्या सासूबाईंच्या समोरून मी कशी पळू? त्या मला दगड मारतील. दादा म्हणाले, ‘मारला तर मारला.’ बास.

म्हणून गेले. सुतक फिटलं होतं, तरी गावातल्या काही जणांनी नाकं मुरडलीच. मैदानावर गर्दी, कर्ण्यावर गाणी, पुण्याहून आलेली रंगीबेरंगी मंडळी, तेच सगळं. फक्त शेजारी तू नव्हतीस. घाट सुरू झाला आणि मी चक्क चालायला लागले. कमरेवर हात ठेवून. तुझ्या आठवणीनं वगैरे नाही हं, सव्वा महिना सराव नव्हता, पायच उचलत नव्हते. पण वर पोचले तेव्हा मला दम लागलेला नव्हता. ही तुझी बाजू मी लेखी मान्य करते: चढ चालायचा असतो.

पठारावर वारा. पवनचक्क्या फिरत होत्या, ज्वारी हुरड्याला आलेली, वस्त्यांवरची माणसं रस्त्यावर येऊन पाणी आणि गुळाचे खडे देत होती. जसजसं तुझं माहेर जवळ यायला लागलं तसतशी माझी चाल मंदावली. मी ठरवलं होतं की डोकं खाली घालायचं, गर्दीच्या मधोमध राहायचं आणि वळण ओलांडायचं. पण मी इतकी हळू आले होते की माझ्या आजूबाजूला गर्दीच उरली नव्हती. लांब मागं घंटागाडीचा हॉर्न ऐकू येत होता. एवढ्या मोठ्या मोकळ्या रस्त्यावर मी एकटी, आणि वळणावर पिंपळाखाली तुझी आई.

हातात ताट होतं.

मला वाटलं, वहिनीनं दिलं असेल धरायला. मी डोकं खाली घालून पुढं निघाले. त्यांनी हाक मारली, ‘थांब गं रेखा.’ पाय आपोआप थांबले, ताई. मी ठरवून थांबले नाही, हे नोंदवून ठेव. त्या रस्त्याच्या मधोमध आल्या. वहिनी मागून धावत आली, ‘आत्या, द्या हिकडं, मी भरते.’ त्यांनी तिला कोपरानंच बाजूला केलं. ‘व्हय बाजूला. माझ्या हातानं भरायची हाय.’

मग माझ्याकडे न बघता बोलल्या. ‘वटी मागितली हुती लेकीनं. म्या न्हाई भरली. लोक काय म्हनतील, इपरीत हुईल, म्हनून रिकामी लावली दारातनं. आन् इपरीत व्हायचं ते झालंच की.’ ताट दुसऱ्या हातावर घेतलं. ‘तुला वंगाळ बोलले दहाव्याला. तुला न्हाई बोलले बाय. मलाच बोलत हुते.’

माझ्याकडे ना पदर, ना तुझ्यासारखी ओढणी. मी टी-शर्टाची कड धरली, छातीवरच्या नंबराच्या खाली. त्यांनी कुंकू लावलं, पण वाऱ्यानं निम्मं माझ्या नाकावर सांडलं. ओंजळ ओंजळ गहू टाकले, वर खण ठेवला. हिरवा. ‘गेल साली तिच्यासाठीच आणल्याला हाय,’ म्हणाल्या, ‘पेटीत पडून हुता.’ मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर गहू सांडायला लागले, मग तशीच अर्धवट वाकून उभी राहिले, आणि त्या रडता रडता हसल्या. मीही हसले. दहाव्यापासून छातीवर कुणीतरी धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं, तो उतरला. शर्यतीचं मी विसरूनच गेले होते.

तेवढ्यात घंटागाडी येऊन शेजारी उभी राहिली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, ‘मॅडम, बसताय का?’ खरं सांगते, मी बसणार होते. पाय गेले होते, ओटी भरली होती, आता मेडल कशाला? मी हो म्हणायला तोंड उघडलं तर तुझी आईच म्हणाली, ‘ती न्हाई बसायची. माझी लेक बसली हुती, ही न्हाई बसायची. तू तुझी गाडी मागं घे.’ आणि ड्रायव्हरनं, का कुणास ठाऊक, खरंच गाडी दोन हात मागं घेतली. त्यांनी ताटातला नारळ माझ्या ओटीत ठेवायला उचलला, हातात तोलून बघितला आणि पुन्हा ताटात ठेवला. ‘ह्यो जड हाय, पळताना आडचन व्हईल. हितंच राहू दी. न्यायला ये.’

मी गव्हासकट टी-शर्टाला गाठ मारली, खण कमरेत खोचला आणि निघाले. पुढं सगळा उतार. तू उतारावर कशी पळायचीस ते मी पाच वर्षं मागून बघितलंय, हात जरा फाकलेले, पाय मोकळे सोडलेले, पडली तर पडली अशी. तसंच केलं. गाठ सैल होऊन निम्मे गहू घाटभर सांडले. तिथल्या चिमण्यांची सोय झाली. शेवटच्या वळणावर मैदान दिसलं, माणसं ओरडायला लागली की चला, चला, होतंय. झालं. वेळेत झालं, थोडक्यात, पण झालं. दादा दोरीपाशी उभे होते. म्हणाले, ‘झालं?’ मी म्हटलं, ‘झालं.’ त्यांनी माझ्या नाकावरचं कुंकू बघितलं, कमरेतला खण बघितला आणि तोंड फिरवून पाण्याची बाटली शोधायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

घरी सगळ्यांचं म्हणणं पडलं की मेडल तुझ्या फोटोला घालू. मी नाही म्हटलं. मेडल माझं आहे, मी पळाले. तुला हवं असतं तर तुझं तू पळून आणलं असतंस, आणि आणलंही असतंस. ओटी मात्र तुझी. खण तुझ्या फोटोपुढं ठेवलाय, आणि उरलेले गहू मी दळणात टाकू दिलेले नाहीत, मृगात बांधाला पेरू म्हणतात दादा. गहू मृगात पेरत नसतात, असं मी सांगणार होते, पण राहू दिलं. त्यांना शेती माझ्यापेक्षा जास्त कळते, आणि तरी ते तसं म्हणाले.

येत्या रविवारी नारळ आणायला जायचंय. पहाटे, धारा काढून झाल्यावर. सपाटीला पळेन, चढाला चालेन. सासूबाईंनी तुझ्या आईसाठी शेवग्याच्या शेंगा काढून ठेवल्यात, त्या पाठीवरच्या पिशवीत घेऊन.

एक सांगायचं राहिलं. मी ते घरी कुणाला सांगितलेलं नाही. वळणावरून मी निघाले, चार पावलं गेले असेन, तर मागून तुझ्या आईनं हाक मारली. पळण्याला इतके दिवस शिव्या घालणारी तुझी आई, वाऱ्यात पदर उडतोय, हात वर करून, वस्तीभर ऐकू जाईल अशी ओरडत होती, ‘पळ शाले, पळ! आली बघ गाडी मागं! पळ शाले!’

मला जन्मभर माणसांना दुरुस्त करायची खोड आहे, तुला माहीत आहे. मी मागं वळले नाही. ‘व्हय आई,’ म्हटलं आणि पळाले.